चालतानाची उंची

आज घाई करू नका. पाना, जॅक, कॅटलॉग, फोन, सगळं बाजूला राहू द्या. शांत बसा आणि डोळ्यांसमोर एक गाडी आणा: १९६४ ची शेव्हरोले इम्पाला, दोन दारांची, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या एखाद्या घरापुढे उभी असलेली. समोरून नको, बाजूने पाहा. पुढच्या दिव्यांपासून निघालेली कड दारावरून तशीच मागे सरकते आणि लांबलचक डिक्कीच्या टोकाला जाऊन थांबते. आता मागच्या बाजूला या. दोन्हीकडे तीन-तीन गोल दिवे आणि त्यांच्या वरून फिरलेली चकचकीत पट्टी. ही गाडी आडवी आहे. तिच्यात उभं असं फार थोडं आहे.

मग नजर चाकावर आणा. टायरचा वरचा काठ आणि मडगार्डची कड यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते. बोटं आडवी धरली तर सहज मावतील एवढी. ती थोडा वेळ पाहत राहा. कारखान्याने ती उगाच सोडलेली नाही. खड्ड्यात चाक वर उसळतं, त्याला जायला जागा लागते. मागे तीन माणसं बसली, डिक्की भरली, की गाडी खाली बसते, त्यालाही जागा लागते. पण तुम्हाला तिथे जागा नको आहे. चाक मडगार्डच्या आत शिरावं, ती लांब कड जमिनीला चिकटून चालल्यासारखी दिसावी, असं तुम्हाला मनापासून वाटतं. त्या इच्छेला जाब विचारत बसू नका. ती खरी आहे, आणि या गाडीच्या बाबतीत तिला इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमधल्या तरुणांनी जुन्या शेव्हरोले घेतल्या, डिक्कीत वाळूची पोती टाकली, स्प्रिंगचे वेढे कापले आणि गाड्या खाली आणल्या. त्याच शहरात दुसरी पोरं गाड्या हलक्या करून वेगाने पळवत होती. यांना मात्र व्हिटिअर बुलेव्हार्डवरून हळू जायचं होतं. खाली आणि सावकाश. ज्यांच्याकडे शहर एरवी बघत नव्हतं, त्यांनी रविवारच्या संध्याकाळी सगळ्या रस्त्याला आपल्याकडे बघायला लावलं. तेव्हा गाडी खाली आणणं ही फक्त दिसण्याची हौस होती असं मला कधीच वाटलेलं नाही.

मग १९५८ साल आलं, आणि त्या एका सालात तीन गोष्टी जुळून आल्या. इम्पाला पहिल्यांदा बाजारात आली, एक्स अक्षराच्या आकाराची चॅसी आणि चारही चाकांना कॉइल स्प्रिंग घेऊन. त्याच वर्षी शेव्हरोलेने स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेवर बसवलेली गाडी जादा पैशांत देऊ केली, ‘लेव्हल एअर’ या नावाने. आणि कॅलिफोर्नियाचा वाहन कायदा सांगू लागला की बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या काठापेक्षा खाली असता कामा नये. सॅन बर्नार्डिनोच्या रॉन अगिरे यांनी १९५९ मध्ये आपल्या १९५७ च्या कॉर्वेटला विमानातले हायड्रॉलिक पंप लावले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. उंची बदलता येणारी गाडी त्या रस्त्यावर आली ती अशी. कायद्यातली ती अट आणि रस्त्यावर असं सावकाश फिरण्यावरच्या गावोगावच्या ‘क्रूझिंग’बंद्या अखेर १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियाने काढून टाकल्या. मधल्या काळात जेसी वालादेस यांची गुलाबांनी रंगवलेली १९६४ ची इम्पाला, ‘जिप्सी रोज’, २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत जाऊन बसली होती.

हे सगळं मनात घोळू द्या, पण कायद्यातल्या त्या मोजमापापाशी जरा थांबा. रिमचा खालचा काठ. हीच रेषा का? टायर फुटला की गाडी रिमवर बसते. त्या क्षणी रिमच्या खाली जे काही लोंबत असेल ते रस्त्यावर घासतं: सायलेन्सर, आर्म, चॅसीचा कोपरा, ब्रेकची नळी. अट कागदावरून गेली, रस्ता तिथेच आहे. म्हणून गाडी चालत असताना ती जिथे असेल त्या उंचीवर पुढच्या रिमच्या तळापासून मागच्या रिमच्या तळापर्यंत मनातल्या मनात एक दोरी ताणा. दोरीच्या खाली काहीही नको. उभी असताना गाडी हवी तर जमिनीला टेकू दे, तो तुमचा आनंद आहे. चालताना मात्र ही दोरी पाळायची.

इथून खरा विचार सुरू होतो. गाडी स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेवर बसवायची, असं धरून चालू. हवेवरच्या गाडीला एक उंची नसते, तीन असतात. उभी असतानाची, चालतानाची, आणि ड्राइव्हवेचा उतार किंवा स्पीडब्रेकर ओलांडण्यापुरती वर उचललेली. फोटो पहिल्या उंचीचे निघतात. लोक दुकानात जाऊन पहिल्याच उंचीबद्दल विचारतात, ‘किती खाली बसेल?’ आणि विकणाराही त्याचंच उत्तर देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की निवड दुसऱ्या उंचीपासून सुरू करावी. बेलो, म्हणजे स्प्रिंगच्या जागी बसणारी हवेची रबरी पिशवी, कुठला, शॉकअप किती लांबीचा, आर्म कुठे बसवायचे, अलाइनमेंट कुठल्या स्थितीत करायचं, सगळं चालतानाच्या उंचीवरून ठरतं. तिथून सुरू केलं की पहिली उंची आपोआप जितकी मिळायची तितकी मिळते. उलट केलं तर गाडी उभी असताना देखणी दिसते आणि दहा मैलांनंतर मालक तिच्यात बसायला टाळाटाळ करू लागतो.

हे शरीराने समजून घ्या. गर्दीच्या एसटीत आपण दांडा धरून उभे असतो तेव्हा गुडघे आपोआप थोडे वाकलेले असतात. पाय ताठ ठेवले तर प्रत्येक दणका डोक्यात जातो. पार उकिडवं बसलं तर दणका घ्यायला गुडघ्यात काही उरतच नाही. अर्धा वाक असेल तरच शरीराला वरही जाता येतं आणि खालीही. उभे राहा, गुडघे वाकवा, वर-खाली व्हा, आणि जिथे दोन्हीकडे जागा वाटते तिथे थांबा. तुमच्या इम्पालाच्या चाकालाही अशीच एक जागा शोधून द्यायची आहे. साधारणपणे ही जागा बेलोच्या एकूण चालीच्या मधोमध, किंवा त्याहून जराशी वर असते. दुकानदाराला बेलोची शिफारस केलेली चालतानाची उंची विचारा. बनवणारे ती देतात, आपण ती विचारत नाही.

आता वजनाचा विचार करा, सावकाश, आकड्यांनिशी. व्ही-एट इंजिनाची ही इम्पाला रिकामी साधारण १,६०० किलोंच्या आसपास भरते. गाड्या अशा खाली आणणाऱ्या ‘लोरायडर’ मंडळींना आवडणारी तेरा इंची तारांची चाकं घेतलीत तर त्यावर टायर येतो १५५/८०-१३ मापाचा. या टायरवर बहुधा ७९ हा भारांक छापलेला असतो, म्हणजे एका टायरला ४३७ किलो, चार मिळून १,७४८. सोळाशेतून ते सतराशे अठ्ठेचाळीस, मध्ये उरतात दीडशे किलो. एक टाकी, दोन कॉम्प्रेसर, वायरिंग, आणि मग आई, बाबा, आजी, मागे एक मूल. हिशेब जुळत नाही. मी या आकड्यांपाशी कितीतरी वेळ थांबतो, कारण सस्पेन्शनच्या गप्पांत टायरच्या बाजूवर छापलेला तो छोटा आकडा कोणी वाचत नाही. तुमच्या गाडीत चार माणसं बसणार असतील तर चाकाचा निर्णय आधी, हवेचा नंतर. चौदा इंची चाक आणि जास्त भार घेणारा टायर घेतल्याने गाडी किंचित कमी ‘खाली’ दिसेल. दिसू द्या.

पुढच्या चाकाकडे या. पुढच्या एका चाकावर गाडीचं साधारण ४०० किलो वजन येतं असं धरा. स्प्रिंग मात्र चाकावर नसते, ती खालच्या आर्मवर, चाक आणि बिजागरी यांच्या साधारण मधोमध बसते. त्यामुळे तिच्यावर भार येतो जवळपास दुप्पट, ८०० किलो. सहा इंच व्यासाच्या बेलोचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. भागाकार केला की साठ-पासष्ट पीएसआय दाब लागतो. हे उदाहरण आहे, तुमच्या गाडीचा आकडा वेगळा येईल, पण भागाकार हाच. लहान बेलो घेतला तर तीच गाडी उचलायला दाब जास्त लागतो. मोठा घेतला तर दाब कमी पुरतो, पण तो स्प्रिंगच्या खणात मावायला हवा, आणि कुठेही घासता कामा नये. दाबाखाली चॅसीच्या धारेला घासणारं रबर फार दिवस टिकत नाही. बेलो पूर्ण फुगवून, मग पूर्ण रिकामा करून, दोन्ही वेळा हात फिरवून बघायचा.

दोन प्रकार समोर येतील. एक दोन फुगवट्यांचा, डमरूसारखा मध्ये आवळलेला. तो जोरदार उचलतो आणि झटकन कडक होतो. दुसरा सरळ नळीसारखा, खालच्या पिस्टनवर गुंडाळत जाणारा. त्याची चाल लांब आणि मऊ असते, व्यास कमी. पुढे जागा अडचणीची आणि भार जास्त म्हणून बहुतेक जण डमरूवाला घेतात, मागे गुंडाळणारा. ही सवय बरोबर आहे, फार खल करू नका.

खल करायचा तो गाडी कोण सांभाळणार यावर. बेलोमधली हवा मोजायची की गाडीची उंची? ऐकताना एकच वाटतं. तसं नाही. बेलोमधला दाब मुख्यतः वजनाने ठरतो. गाडी कोणत्या उंचीवर आहे हे तो नीटसं सांगत नाही. कल्पना करा, तुम्ही सकाळी एकट्याने बसून दाब ठरवून ठेवला आहे. रविवारी मागच्या सीटवर दोन जाडजूड मामा येऊन बसतात. गाडी मागून बसते आणि बेलोमधला दाब वाढतो. फक्त दाब ओळखणाऱ्या यंत्राला वाटतं, दाब ठरल्यापेक्षा जास्त झाला, थोडी हवा सोडावी. ते हवा सोडतं. गाडी आणखी खाली जाते. उंची ओळखणाऱ्या यंत्राचे सेन्सर आर्मला जोडलेले असतात. ते बघतात की मागची बाजू खाली गेली, आणि हवा भरतात. मामा बसले तरी गाडी पुन्हा तिच्या उंचीवर.

मुंबई-पुणे शिवनेरीत बसलेल्याला हे अंगाने माहीत आहे. ती बस रिकामी असो की पूर्ण भरलेली, हवा तिला तिच्या उंचीवर आणून ठेवते, आणि भरलेल्या बसचाही हेलकावा फारसा बदलत नाही. कारण वजन वाढलं की दाब वाढतो, आणि दाबाबरोबर स्प्रिंगचा कडकपणाही. स्टीलच्या स्प्रिंगला हे जमत नाही, ती भाराखाली दबते आणि दबलेलीच राहते. बस आणि ट्रकवाल्यांनी हवा निवडली ती यासाठी. सौंदर्याचा प्रश्न तिथे नव्हता.

तेव्हा घरची माणसं घेऊन फिरायचं असेल तर उंची ओळखणारं यंत्र घ्या, शक्य तर दाबही बघणारं. सेन्सरची दांडी वाकली तर ते चुकीचं वाचेल, एक चाक फुटपाथवर चढवून उभी केलीत तर ते उगाच झगडेल, हे माहीत असू द्या. जुन्या पद्धतीची आवड असेल तर डॅशबोर्डखाली चार काटे आणि हाताने चालवायचे व्हॉल्व्ह, यातही मोठं सुख आहे. तुम्ही गाडीला रोज हाताने उचलता आणि कुठला कोपरा कधीपासून आळसावलाय हे तुम्हाला कळतं. पण चार चाकांना चार वेगळ्या वाटा हव्यातच. डावा-उजवा बेलो एकाच नळीवर उघडा ठेवला तर वळणावर दबलेल्या बाजूची हवा दुसरीकडे पळते आणि गाडी बाहेरच्या बाजूला जास्तच कलंडते.

हवा गाडी तोलते, झोके थांबवत नाही. झोके थांबवायला शॉकअप लागतोच, आणि तो नव्या चालीच्या मापाचा लागतो. जुना शॉकअप खालच्या टोकाला आधीच आपटत असेल तर हवेचा सगळा मऊपणा फुकट. तसंच, हवा काढल्यावर गाडी कशावर टेकते? रबरी स्टॉपरवर टेकली पाहिजे. बेलोवर नाही, टायरवर नाही.

गाडीच्या खाली, मागच्या बाजूला, मनाने शिरा. इम्पालाचा मागचा ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. गाडी खाली येते तसं ते टोक कंसात फिरतं आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतं. बाहेरून काही दिसत नाही. पण मागचं चाक काढून टायरची आतली भिंत पाहा. एकाच बाजूच्या टायरवर गुळगुळीत घासलेला पट्टा असतो, आणि त्याच्यासमोर मडगार्डच्या आतल्या पत्र्यावरचा रंग गेलेला असतो. दुसऱ्या बाजूचा टायर कोरा करकरीत. लांबी बदलता येणारा दांडा घेऊन, चालतानाच्या उंचीवर ॲक्सल मध्यावर आणायचा, हा यावरचा उपाय. शेजारीच प्रोपेलर शाफ्ट आहे, दोन तुकड्यांचा, एक्स चॅसीच्या मधल्या बोगद्यातून जाणारा. ॲक्सल वर-खाली झाला की त्याचा कोन बदलतो. फार खाली नेलं तर शाफ्ट आणि चॅसी एकमेकांना भेटतात, आणि मग कोणीतरी कटर काढतो.

कटरपाशी थांबा. चॅसी कापल्याने आणखी थोडं खाली जाता येतं. साठ वर्षं टिकलेल्या चॅसीला, आणि तीही बाजूने आधीच उघडी असलेल्या एक्स चॅसीला, तो कट परत देता येत नाही. सुरुवात नटबोल्टने बसणाऱ्या वस्तूंनी करावी, जुन्या स्प्रिंगा तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवाव्यात. वर्षभर चालवल्यावर तरीही कापावंसं वाटलं, तर तेव्हा बघू. मला ही सबुरी फार महत्त्वाची वाटते. ही गाडी तुमच्या आधी कोणाची तरी होती आणि तुमच्यानंतरही कोणाची तरी असेल.

कारखान्यांनी हे सगळं आधी करून पाहिलं होतं. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रोम हवेवर आली, पुढच्या वर्षी शेव्हरोलेची ‘लेव्हल एअर’. सांधे गळत, गाड्या रात्रीत बसत, आणि अनेक मालकांनी पुढे गुपचूप स्टीलच्या स्प्रिंगा घातल्या. आज रबर, व्हॉल्व्ह, नळ्या खूप सुधारल्या आहेत. ओलावा मात्र तसाच आहे. हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साठतं. टाकीला खाली तोटी हवी, आणि ती अधूनमधून उघडायला हवी. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी ब्रशने लावा आणि बुडबुडा येतो का ते बघा. तो येतो तेव्हा फार हळू येतो, म्हणून एका सांध्यापाशी पूर्ण मिनिटभर थांबा.

हायड्रॉलिक का नको, हा प्रश्न मनात असेल. गाडी उड्या मारायला हवी असेल, तीन चाकांवर उभी राहायला हवी असेल, तर हायड्रॉलिकच हवं. तो त्या रस्त्याचा वारसा आहे आणि हवा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्याला डिक्कीभर बॅटऱ्या लागतात, आणि वजनाचा हिशेब आपण आत्ताच केला. आजीला घेऊन समुद्रापर्यंत जायचं असेल तर हवा.

इथे महाराष्ट्रात बसून आपल्या जुन्या गाडीबद्दल हाच विचार करत असाल, तर आधी कायदा वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरून ठेवलं. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंद मिळते ती ती मूळ रूपात असेल तर. आपल्याकडे ती मडगार्डखालची मोकळी जागा राखण्यातच गाडीचा मान आहे.

कॅलिफोर्नियातल्या त्या ड्राइव्हवेवर मात्र आता उठायला हरकत नाही. टेप घ्या. चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही चाकांना मोजा आणि लिहा. मग जी माणसं खरंच या गाडीत बसणार आहेत त्यांना बसवा, आणि पुन्हा मोजा. त्यांना खाली उतरवू नका, गप्पा मारत बसू द्या, आणि कागदावर तिसरा आकडा लिहा: तुम्हाला चालताना हवं असलेलं अंतर. सपाट जमिनीवर, रिमपासून रिमपर्यंतची दोरी ताणून, तो आकडा जमतो का ते पडताळा. दुकानात गेल्यावर पहिल्यांदा हे तीन आकडे सांगा, आणि पुढची सगळी बोलणी त्यांच्यावरून होऊ द्या.